संगणकीय आरेखनातील बाह्य संदर्भ

संगणकीय आरेखनातील बाह्य संदर्भ म्हणजे एका आरेखन-फाईलमध्ये दुसऱ्या फाईलमधील आकृती किंवा त्रिमितीय मॉडेल प्रत्यक्ष न साठवता, ती फाईल कोठे आहे एवढीच नोंद ठेवून तिच्यातील आशय दाखवण्याची पद्धत होय. यंत्र, इमारत, पूल, विद्युत-जोडणी अशा कोणत्याही मोठ्या कामाचे संगणकीय आरेखन एकाच फाईलमध्ये नसते. ते शेकडो, प्रसंगी हजारो फायलींमध्ये विभागलेले असते आणि या फायली अशा संदर्भांनी एकमेकींशी बांधलेल्या असतात.

जुन्या आरेखनाची प्रत करून तिच्यात फेरफार करणे हा नवीन आरेखन तयार करण्याचा सर्वांत प्रचलित मार्ग आहे. मात्र फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला की फायलींची प्रत होते, त्यांच्यातील संबंधांची होतेच असे नाही. संबंध तुटला तर संगणक तक्रार करतो आणि चूक लगेच लक्षात येते. संबंध न तुटता जुन्याच फाईलकडे राहिला तर पडद्यावर सर्व काही यथास्थित दिसते. हा दुसरा दोष अधिक घातक असतो, आणि बाह्य संदर्भांच्या व्यवस्थापनाचा बराचसा भाग तो टाळण्यासाठीच आहे.

स्वरूप

उदाहरणादाखल एक सेंट्रिफ्यूगल पंप घेऊ. त्याचे केसिंग, इम्पेलर, शाफ्ट, बेअरिंग, सील असे भाग असतात. सॉलिडवर्क्स, इन्व्हेंटर यांसारख्या प्रणालींमध्ये प्रत्येक भागाची स्वतंत्र फाईल असते. हे भाग एकत्र बसवलेला पूर्ण पंप ही तिसऱ्याच प्रकारची, म्हणजे जोडणीची, फाईल असते. जोडणीच्या फाईलमध्ये इम्पेलरचा आकार मूळ स्वरूपात नसतो. कोणता भाग, किती नग, कोठे व कोणत्या भागाला टेकून बसवला आहे, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. कारखान्यात छापून जाणारे द्विमितीय आरेखनपत्र ही आणखी एक वेगळी फाईल असून तिच्यातील दृश्ये व मापे भागाच्या किंवा जोडणीच्या फाईलमधून येतात.

ही साखळी एका दिशेने चालते. आरेखनपत्राला जोडणी ठाऊक असते आणि जोडणीला भाग ठाऊक असतो. पण भागाच्या फाईलला आपण कोणकोणत्या पंपांत वापरलो गेलो आहोत याची सामान्यतः काहीच कल्पना नसते. म्हणून संगणकावरील नेहमीच्या फोल्डरखिडकीतून एखाद्या भागाचे नाव बदलले किंवा तो पुसून टाकला, तर त्या क्षणी कोणतीही सूचना मिळत नाही. ती मिळते काही दिवसांनी, कदाचित दुसऱ्याच माणसाला, जोडणीची फाईल उघडताना.

या नियमाला एक अपवाद आहे. जोडणी उघडी ठेवून तिच्यातच एखादा भाग घडवताना त्याचे माप शेजारच्या भागावरून घेता येते. उदाहरणार्थ, केसिंगच्या झाकणाचा व्यास केसिंगच्या तोंडावरून आपोआप ठरतो. अशा वेळी झाकणाची फाईल केसिंगवर आणि ज्या जोडणीत हा संबंध जुळला त्या जोडणीवरही अवलंबून राहते. सॉलिडवर्क्समध्ये असा संबंध भागाच्या नावापुढे बाणाच्या खुणेने दाखवतात. प्रत करताना सर्वाधिक गोंधळ याच संबंधांमुळे होतो, कारण ते वरवर दिसत नाहीत.

स्थापत्य व वास्तुरचनेच्या क्षेत्रात चित्र थोडे वेगळे असते. वास्तुविशारदाने काढलेला मजल्याचा नकाशा हा पाया मानून संरचना अभियंता, वीजजोडणीचा सल्लागार व नळकामाचा सल्लागार आपापल्या फायलींमध्ये तो संदर्भ म्हणून जोडतात आणि त्यावर आपले काम काढतात. वास्तुविशारदाने भिंत सरकवली की पुढच्या वेळी फाईल उघडताना सर्वांना नवी भिंत दिसते. ऑटोकॅडमध्ये असा संदर्भ जोडण्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात संदर्भाने स्वतः जोडलेले संदर्भही सोबत येतात. दुसऱ्यात, ज्याला ओव्हरले म्हणतात, संदर्भ जोडलेल्या फाईलमध्येच दिसतो; ती फाईल पुढे आणखी कोणी जोडली तर तो सोबत जात नाही. दोन सल्लागार एकमेकांच्या फायली जोडतात तेव्हा ओव्हरले वापरला म्हणजे संदर्भांचे वर्तुळ तयार होत नाही.

आकृतींखेरीज इतरही अनेक गोष्टी संदर्भरूपाने जोडलेल्या असतात. जागेचे छायाचित्र, पायाभूत पीडीएफ, मापांचा एक्सेल तक्ता, छपाईच्या रेषांच्या जाडीची फाईल, कंपनीची ठरलेली चौकट, अक्षरांचे फाँट ही त्यांची उदाहरणे. आरेखन संगणकावर उघडले म्हणजे ते पूर्ण आहे असे मानणारे लोक बहुधा या किरकोळ वाटणाऱ्या फायली विसरतात.

इतिहास

कागदावरील आरेखनाच्या काळात हा प्रश्न जवळजवळ नव्हता. ट्रेसिंग कागदावर काढलेल्या मूळ आरेखनाची अमोनिया प्रिंट काढली की ती प्रत स्वयंपूर्ण असे. मूळ आरेखनात नंतर फरक केला तरी आधी दिलेल्या प्रतीत तो उतरत नसे. ही एक अडचणच होती, कारण जुन्या प्रती गोळा करून रद्द कराव्या लागत. परंतु त्यात एक सुरक्षितताही होती, कारण हातातली प्रत आपोआप बदलत नसे.

एकच मूळ आकृती अनेक ठिकाणी वापरावी आणि मूळ बदलताच सर्व ठिकाणी बदल व्हावा ही कल्पना आयव्हन सदरलँड यांच्या स्केचपॅड या प्रणालीत आढळते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे १९६३ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी ती मांडली. ऑटोडेस्क कंपनीचे ऑटोकॅड १९८२ मध्ये बाजारात आले. त्यात बाह्य संदर्भांची सोय १९९० मधील अकराव्या आवृत्तीपासून झाली. त्यापूर्वी ऑटोकॅडमध्ये दुसरे आरेखन समाविष्ट करता येई, पण ते पूर्णपणे नव्या फाईलचा भाग बनत असे आणि मूळ फाईलशी त्याचे नाते उरत नसे. सॉलिडवर्क्स १९९५ मध्ये व इन्व्हेंटर १९९९ मध्ये आले. या प्रणालींनी भाग, जोडणी व आरेखनपत्र ही त्रिस्तरीय रचना वैयक्तिक संगणकावर सर्वसामान्य केली. मुक्त स्रोत असलेल्या फ्रीकॅडमध्ये दुसऱ्या फाईलमधील वस्तू दुव्याने वापरण्याची सोय २०२१ मधील ०.१९ या आवृत्तीत आली.

मार्गाची नोंद

संदर्भित फाईल कोठे आहे याची नोंद म्हणजे तिचा मार्ग. तो तीन प्रकारे लिहिता येतो. प्रत यशस्वी होईल की नाही हे बरेचसे यावरच ठरते.

पूर्ण मार्गात ड्राइव्हच्या अक्षरापासून फाईलच्या नावापर्यंत सर्व काही असते. घराचा पिनकोडसह पूर्ण पत्ता लिहावा तसा हा प्रकार आहे. फाईल हलली नाही तोवर तो अचूक असतो. मात्र एका संगणकावर सर्व्हरला एक अक्षर दिले आहे आणि दुसऱ्यावर वेगळे, एवढ्या कारणानेही तो निकामी होतो. इंटरनेटवरील साठवणीशी जुळलेले फोल्डर वापरणाऱ्यांना याचा विशेष त्रास होतो. असे फोल्डर बहुधा वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरात असल्याने पूर्ण मार्गात त्याचे नाव येते आणि सहकाऱ्याच्या संगणकावर तो मार्ग अस्तित्वातच नसतो.

सापेक्ष मार्ग मूळ फाईलपासून मोजला जातो. ‘एक पायरी वर जाऊन शेजारच्या फोल्डरात’ असे त्याचे स्वरूप असते. संपूर्ण फोल्डर एकत्र हलवला तर हे नाते टिकते. ऑटोकॅडमध्ये २०१८ च्या आवृत्तीपासून नवीन संदर्भांसाठी हाच प्रकार मूलनिवड म्हणून ठेवला गेला. दोन फायली वेगवेगळ्या ड्राइव्हवर असतील तर मात्र सापेक्ष मार्ग लिहिता येत नाही.

तिसऱ्या प्रकारात मार्ग नसतोच, फक्त फाईलचे नाव असते. त्या नावाची फाईल आजूबाजूला व ठरवून दिलेल्या ठिकाणी शोधली जाते. हे सोयीचे आहे, पण गल्लीत उभे राहून नावाने हाक मारण्यासारखे आहे. त्या नावाचे दोघे असतील तर कोण ओ देईल ते सांगता येत नाही.

फाईल शोधण्याचा क्रम

नोंदवलेल्या मार्गावर फाईल नसेल, आणि काही प्रणालींत ती असली तरीही, संगणक एका ठरलेल्या क्रमाने शोध घेतो. सॉलिडवर्क्स सर्वप्रथम त्याच नावाची फाईल आधीपासून उघडी आहे काय हे पाहते. ती असेल तर तिचाच वापर होतो. एकाच नावाच्या दोन वेगळ्या फायली ही प्रणाली एका वेळी उघडू देत नाही. म्हणून जुना पंप व त्याची प्रत या दोन्हींतील इम्पेलरचे नाव एकच असेल आणि जुना पंप आधीपासून उघडा असेल, तर प्रत उघडताना तिच्यातही जुनाच इम्पेलर येतो. त्या स्थितीत प्रत साठवली की चुकीचा मार्ग तिच्यात कायमचा लिहिला जातो.

इन्व्हेंटरमध्ये प्रकल्प-फाईल नावाची एक छोटी फाईल असते. कोणत्या फोल्डरांत शोधायचे हे तिच्यात लिहिलेले असते आणि भागांचे मार्ग त्या फोल्डरांपासून सापेक्ष धरले जातात. प्रत केलेले आरेखन जुन्या प्रकल्प-फाईलसह उघडले तर शोध जुन्या घरातच सुरू होतो. फाईल सापडलीच नाही तर इन्व्हेंटर खिडकी उघडून ती कोठे आहे असे विचारते. ऑटोकॅड मात्र आरेखन उघडते आणि ज्या जागी संदर्भ असायला हवा तेथे त्याच्या मार्गाची ओळ लिहून मोकळे होते.

प्रत करताना होणारे दोष

वरील पंपाचाच धागा पुढे नेऊ. समजा, एका पंपाचे आरेखन काही वर्षांपूर्वी पूर्ण झाले आहे आणि तो पंप विकलाही जात आहे. त्याच्या इम्पेलरचा व्यास २५० मिलिमीटर आहे. हाच इम्पेलर आणखी दोन पंपांत लागतो, म्हणून त्याची फाईल सामाईक भागांच्या वेगळ्या फोल्डरात ठेवलेली आहे. आता कमी उंचीवर पाणी चढवणारा नवीन पंप हवा आहे. आरेखक जुन्या पंपाचा फोल्डर उचलतो, त्याची प्रत करतो, प्रतीला नवीन नाव देतो, नवीन जोडणी उघडतो आणि इम्पेलरचा व्यास २३५ मिलिमीटर करतो. आकृती हवी तशी दिसते. फाईल साठवली जाते.

येथे इम्पेलरची प्रत झालेलीच नव्हती, कारण तो प्रत केलेल्या फोल्डरच्या बाहेर होता. नवीन जोडणी सामाईक फोल्डरातील मूळ इम्पेलरकडेच बोट दाखवत होती आणि बदल त्या मूळ फाईलमध्ये झाला. आता जुना पंप व तो इम्पेलर वापरणारे इतर दोन पंप, सर्वांच्या आरेखनांत २३५ हेच माप आले आहे. कोणतीही त्रुटी-सूचना आली नाही, कारण संगणकाच्या दृष्टीने एकही संदर्भ तुटलेला नाही.

परिणाम कारखान्याबाहेर दिसतो. जुन्या पंपाचा ग्राहक झिजलेल्या इम्पेलरच्या जागी नवा मागवतो. आरेखनपत्र नव्याने छापले जाते आणि त्यावर २३५ असते. पंपाने पाणी चढवण्याची उंची ढोबळमानाने इम्पेलरच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणून २५० ऐवजी २३५ चा इम्पेलर बसवल्यास ही उंची सुमारे १२ टक्क्यांनी घटते. इमारतीच्या गच्चीवरील टाकीत पाणी पोहोचत नाही, आणि दोष मोटारीत, वीजदाबात किंवा नळात शोधला जातो. बदल उलट दिशेने, म्हणजे व्यास वाढवणारा असता, तर मोटारीवरचा भार वाढून ती जळण्याची शक्यता निर्माण झाली असती.

मोठ्या कंपनीत तपासनीस अशी चूक पकडू शकतो. लहान कारखान्यात आरेखक, तपासनीस आणि छपाई करणारा ही बहुधा एकच व्यक्ती असते. कोल्हापूरच्या ओतकाम-व्यवसायात किंवा पुणे व नाशिकच्या औद्योगिक वसाहतींमध्ये बाहेरच्या कंपनीसाठी सुटे भाग बनवणाऱ्या लघुउद्योजकाच्या हाती तर केवळ आरेखनपत्र येते. त्यामागची फायलींची साखळी त्याला दिसत नाही. कागदावर जे माप आहे त्याप्रमाणे तो पॅटर्न बनवतो व ओततो.

याच्या उलट प्रकारचा दोष म्हणजे संबंध खरोखर तुटणे. ईमेलने फक्त जोडणीची फाईल पाठवणे आणि भाग विसरणे हे याचे नेहमीचे रूप. दुसरे रूप म्हणजे झिप केलेला गठ्ठा न सोडवता त्याच्या आतूनच फाईल उघडणे. अशा वेळी संगणक तेवढी एकच फाईल तात्पुरत्या जागी काढतो, बाकीच्या गठ्ठ्यातच राहतात आणि पाठवणाऱ्याने सर्व काही नीट पाठवूनही संदर्भ सापडत नाहीत. विंडोजमध्ये मार्गाची लांबी पारंपरिकरीत्या २६० अक्षरांपर्यंत मर्यादित असते. आठ-दहा थरांच्या फोल्डरात प्रत केल्यास काही फायली या मर्यादेपलीकडे जाऊन गळतात. हे सर्व दोष त्रासदायक आहेत, पण ते स्वतःची जाहिरात स्वतःच करतात.

एक दोष फायलींच्या संबंधाचा नसून आरेखनपत्राच्या चौकटीचा आहे. चौकटीतील आरेखन क्रमांक, काढणाऱ्याचे व तपासणाऱ्याचे नाव, दिनांक, धातूचा दर्जा ही माहिती पुष्कळदा भागाच्या फाईलमधील गुणधर्मांतून येते. प्रत करताना हे गुणधर्म जसेच्या तसे येतात. परिणामी नवीन भागाच्या पत्रावर जुना क्रमांक राहतो, आणि ज्याने हे आरेखन पाहिलेलेही नाही अशा व्यक्तीचे नाव ‘तपासणारा’ म्हणून छापले जाते. अपघात होऊन जबाबदारी ठरवण्याची वेळ आल्यास ही बाब क्षुल्लक राहत नाही.

प्रत करण्याच्या पद्धती

विश्वसनीय पद्धतीचे मूळ तत्त्व असे की प्रत आरेखन-प्रणालीच्या आतून करावी, संगणकाच्या फोल्डरखिडकीतून नव्हे. फोल्डरखिडकीला फायली दिसतात, त्यांच्यातील संदर्भ दिसत नाहीत.

सॉलिडवर्क्स व इन्व्हेंटर या दोन्हींत ‘पॅक अँड गो’ नावाची सोय आहे. ती जोडणीपासून सुरुवात करून खालपर्यंतचे सर्व संदर्भ शोधते आणि यादी दाखवते. फाईल कोणत्याही फोल्डरात असली तरी यादीत येते. वरील उदाहरणातील सामाईक इम्पेलर येथे उघड दिसला असता. सॉलिडवर्क्समध्ये याच वेळी सर्व नावांना उपसर्ग किंवा प्रत्यय जोडता येतो आणि नव्या जोडणीतील संदर्भ नव्या नावांकडे वळवले जातात. एकाच नावाच्या दोन फायली असल्याने होणारा वर वर्णिलेला घोटाळा त्यामुळे टळतो. आरेखनपत्रे मात्र वेगळी मागावी लागतात. साखळी वरून खाली जाणारी असल्याने जोडणीला आपले आरेखनपत्र कोणते हे माहीत नसते. त्यासाठी उलट शोध घ्यावा लागतो आणि तशी खूण केल्याशिवाय तो घेतला जात नाही.

ऑटोकॅडमधील समतुल्य सोय ‘ई-ट्रान्समिट’ ही आहे. ती आरेखनासोबत संदर्भ, चित्रे, छपाईच्या फायली व सांगितल्यास फाँटही एका गठ्ठ्यात बांधते. आरेखन कायमचे गोठवायचे असेल, उदाहरणार्थ मंजुरीसाठी सादर करायचे असेल, तर संदर्भ मूळ फाईलमध्ये विलीन करून टाकतात. याला बाइंड करणे म्हणतात. विलीन केल्यावर नाते संपते आणि अमोनिया प्रिंटसारखी स्थिती येते. या वेळी संदर्भातील स्तरांच्या नावांत मूळ फाईलच्या नावापुढील उभी रेघ जाऊन तेथे दोन डॉलर-चिन्हांमधील शून्य येते. अशी नावे असलेले आरेखन हाती आले तर ते कधीकाळी बाइंड केले गेले आहे हे ओळखता येते.

‘सेव्ह अॅज’ ही आज्ञा सर्वांच्या परिचयाची असल्याने सर्वांत जास्त वापरली जाते आणि सर्वांत कमी समजून घेतली जाते. सॉलिडवर्क्समध्ये जोडणी उघडी असताना तिच्यातील भाग नवीन नावाने साठवला, तर जोडणीतला संदर्भही नव्या नावाकडे वळतो. प्रत म्हणून साठवण्याचा वेगळा पर्याय निवडल्यास जोडणी जुन्याच भागाला धरून राहते. दोन्ही वर्तने योग्य ठिकाणी उपयुक्त आहेत. चूक होते ती कोणते वर्तन हवे आहे हे न ठरवता पुढे गेल्याने.

कशाची प्रत करू नये हेही ठरवावे लागते. बोल्ट, नट, बेअरिंग असे प्रमाणित भाग सामाईक संग्रहातूनच घ्यावेत. प्रत्येक नव्या कामासाठी त्यांची प्रत केली तर काही वर्षांत एकाच बोल्टच्या शेकडो फायली वेगवेगळ्या नावांनी साठतात आणि खरेदी विभागाच्या यादीत तो शेकडो वेगळ्या वस्तूंच्या रूपाने येतो. उलट, ज्या भागाचे एखादे तरी माप नव्या कामात बदलू शकते, त्याची प्रत आधीच करावी. बदल करताना करू असे म्हटले की ती राहते. दोहोंच्या मधला प्रदेश मोठा असून तेथे अनुभवाला पर्याय नाही.

बाहेरच्या पुरवठादाराला गठ्ठा पाठवताना अडचण उलटी असते. पॅक अँड गो सर्व संदर्भ गोळा करते, त्यामुळे दुसऱ्या ग्राहकाचे गोपनीय भागही सोबत जाऊ शकतात. पाठवणाऱ्याने यादी वाचलीच पाहिजे. ज्याला फक्त आकार हवा आहे त्याला स्टेप प्रकारातील एकच फाईल देणे पुरेसे असते. आयएसओ १०३०३ या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेल्या या प्रकारात बहुतेक प्रणाली मॉडेल लिहू व वाचू शकतात. एका स्टेप फाईलमध्ये संपूर्ण जोडणी उतरवता येते आणि मूळ संगणकावरील फायलींशी तिचा दुवा राहत नाही.

प्रतीची तपासणी

प्रत पूर्ण व स्वतंत्र झाली आहे काय हे पाहण्याची सर्वांत साधी कसोटी म्हणजे ती अशा संगणकावर उघडणे जेथे मूळ फायलींपर्यंत पोहोचताच येत नाही. तसा संगणक नसेल तर मूळ फोल्डराचे नाव तात्पुरते बदलून, प्रणाली पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावी व मग प्रत उघडावी. कोणताही भाग गहाळ असल्याची सूचना आली तर तो भाग आतापर्यंत जुन्या जागेवरून येत होता हे सिद्ध होते. प्रणाली बंद करणे आवश्यक आहे, कारण आधी उघडलेल्या फायली स्मृतीत राहिलेल्या असू शकतात. सर्व्हरवरील सामाईक फोल्डरावर हा प्रयोग करू नये. तेथे इतरांचे काम त्याच क्षणी बंद पडेल.

याखेरीज बहुतेक प्रणालींत संदर्भांची पूर्ण मार्गांसह यादी काढता येते. त्या यादीत जुन्या कामाचा क्रमांक शोधून पाहणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

केंद्रीय व्यवस्थापन

काम वाढले की ही जबाबदारी व्यक्तीवर न ठेवता माहितीसाठ्यावर सोपवली जाते. ऑटोडेस्कचे व्हॉल्ट, सॉलिडवर्क्स पीडीएम यांसारख्या प्रणाली कोणती फाईल कोणाला जोडली आहे याची नोंद फायलींच्या बाहेर, स्वतंत्र ठेवतात. त्यामुळे खालून वर जाणारा प्रश्नही विचारता येतो: हा इम्पेलर कोणकोणत्या पंपांत वापरला आहे? उत्तरात तीन पंप दिसले की आरेखक व्यास बदलण्यापूर्वी थांबतो. या प्रणालींत मंजूर झालेली फाईल कुलूपबंद राहते. प्रत करतानाही प्रत्येक भागापुढे ‘प्रत करा’, ‘तोच वापरा’ किंवा ‘दुसरा घाला’ असा निर्णय नोंदवता येतो. बांधकाम क्षेत्रासाठी २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १९६५० या मानकमालेत सर्व पक्षांनी एकाच सामाईक माहितीसाठ्यातून काम करावे आणि प्रत्येक फाईलची अवस्था, म्हणजे ती कामात आहे, सामायिक केली आहे की प्रकाशित आहे, स्पष्ट नोंदवावी अशी रचना सांगितली आहे.

केंद्रीय साठा असूनही तो सर्वांना सारखाच वाचता आला पाहिजे. एअरबस ए-३८० या विमानाच्या निर्मितीत जर्मनीतील हॅम्बुर्ग व फ्रान्समधील तुलूझ येथील गट कॅटिया या प्रणालीच्या अनुक्रमे चौथ्या व पाचव्या पिढीवर काम करत होते. दोन्हींतील मॉडेल एकमेकांशी नीट जुळत नव्हती. विमानात ५०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या विद्युत तारा होत्या. प्रत्यक्ष जोडणीच्या वेळी तारांच्या जुड्या नीट बसेनात. २००६ मध्ये कंपनीला विमाने उशिरा मिळतील असे जाहीर करावे लागले, वरिष्ठ अधिकाऱ्यांना पदे सोडावी लागली आणि पहिले विमान सिंगापूर एअरलाइन्सला ऑक्टोबर २००७ मध्ये मिळाले. हे प्रकरण प्रत करण्यातील चुकीचे नाही. परंतु वेगवेगळ्या ठिकाणची आरेखने एकमेकांचा संदर्भ अचूक घेऊ शकली नाहीत तर काय होते, याचे ते सर्वांत खर्चिक उदाहरणांपैकी एक मानले जाते.

मराठी मजकूर व फाँट

फाँट हीदेखील संदर्भित फाईलच असते हे महाराष्ट्रातील जुन्या आरेखनांत प्रकर्षाने जाणवते. युनिकोडपूर्व काळात आरेखनपत्रांवरील मराठी मजकूर श्री-लिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फाँटांत लिहिला जाई. या फाँटांत देवनागरी अक्षरांची रूपे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली होती. फाईलमध्ये साठवलेली असतात ती रोमन अक्षरेच. फाँट त्यांना देवनागरी रूप देतो. अशा आरेखनाची प्रत फाँटाशिवाय दुसऱ्या संगणकावर गेली की ‘पाण्याची टाकी’ या शब्दांच्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची निरर्थक ओळ दिसते. पुष्कळांना वाटते की फाईल बिघडली. ती बिघडलेली नसते, तिचा एक संदर्भ मागे राहिलेला असतो. युनिकोडमध्ये लिहिलेल्या मजकुराबाबत फाँट बदलला तर अक्षरांचे वळण व ओळीची लांबी बदलेल, पण मजकूर वाचता येईल. जुन्या फाईल जतन करताना त्यांचे फाँट सोबत ठेवणे किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे हे दोनच मार्ग आहेत.

मराठी संज्ञा

या विषयाची मराठी परिभाषा अद्याप स्थिरावलेली नाही. डिझाइनसाठी महाराष्ट्र शासनाच्या व्यवहारात ‘संकल्पचित्र’ हा शब्द रूढ आहे; नाशिक येथील मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनेच्या नावात तो आढळतो. तंत्रशिक्षणाच्या पुस्तकांत ड्रॉइंगला ‘आरेखन’ म्हणतात. कारखान्यात मात्र ड्रॉइंग, असेंब्ली व पार्ट हेच शब्द चालतात. एक्सटर्नल रेफरन्स याचे ‘एक्सरेफ’ हे संक्षिप्त रूप वास्तुविशारदांच्या कार्यालयांत मराठी वाक्यांतही सर्रास वापरले जाते आणि त्याचे अनेकवचन ‘एक्सरेफ्स’ असे न करता ‘सगळे एक्सरेफ’ असेच केले जाते. या लेखात असेंब्लीसाठी ‘जोडणी’ हा शब्द घेतला आहे. वीजजोडणी किंवा नळजोडणी या अर्थांशी त्याची गल्लत होऊ शकते, तरी संदर्भावरून अर्थ स्पष्ट होतो. ‘प्रत’ हा शब्द कॉपी या अर्थी घेतला असून दर्जा या अर्थी नाही.